आकडा मामाचा, सायकल भाचीची

माझ्या भाचीचं वजन ४६ किलो, माझं ८२. हे दोन आकडे आधीच सांगून ठेवतो. पुढचं सगळं प्रकरण या दोहोंमधल्या फरकामुळे घडलं, आणि तो फरक माझ्या डोक्यात शिरायला चार महिने लागले. मी सातपूरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. प्रेशर गेज खरं बोलतंय की खोटं, हे तपासण्याचाच मला पगार मिळायचा. घरच्या सायकलीपाशी मात्र ती अक्कल कामाला आली नाही.

भाची त्र्यंबक रस्त्यावर, महिरावणीच्या पुढे एका कॉलेजात शिकवते. जाऊन-येऊन पंचविसेक किलोमीटर. २०१५ साली नाशिकच्याच महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून नाशकात सायकलचं वारं आहेच. ते आमच्या घरात यायला जरा उशीर झाला इतकंच. दिवाळीत तिनं हायब्रीड सायकल घेतली. टायरवर २८-६२२ असं लिहिलेलं. दुकानात यालाच ‘सातशे बाय अठ्ठावीस’ म्हणतात: २८ मिलिमीटर रुंदी, आणि टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. त्याच बाजूला बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, किमान ७०, कमाल १०० पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड, हवेच्या दाबाचं माप). माझ्या सायकलचे टायरही त्याच मापाचे. म्हणून दर रविवारी सकाळी पंप बाहेर काढायचा, आधी माझ्या सायकलीत हवा भरायची, मग तिच्या. दोन्हीकडे काटा १०० वर आला की थांबायचं. काम चोख झाल्याचं समाधान घेऊन चहाला बसायचं.

मुंग्या

जानेवारीत ती म्हणाली, “मामा, करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. कॉलेजात पोचले तरी अर्धा तास खडू नीट धरता येत नाही.”

सायकल चालवणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. कोपराकडून येणारी अल्नर नस तळहाताच्या मुळाशी एका चिंचोळ्या जागेतून करंगळीकडे जाते. हँडलवर भार टाकला की ती तिथेच दबते. बसण्याची ठेवण हे त्याचं नेहमीचं कारण, म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली. सीटचं नाक खाली झुकलं होतं, ते सपाट केलं. हँडल दोन सेंटिमीटर वर घेतलं. जेलचे हातमोजे आणले. प्रत्येक उपायानं चार दिवस बरं वाटे, पाचव्या दिवशी मुंग्या हजर.

तिची दुसरीही एक तक्रार होती. ती मी कानाआड केली, आणि खरी खूण तीच होती. “रंबलरवरून जाताना मागचं चाक रस्त्यावर राहतच नाही. टपटप उड्या मारतं.” मी म्हटलं, रंबलर त्यासाठीच असतात.

फेब्रुवारीत एका सकाळी दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा टँकर पुढे गेला होता. वळणावर रस्ता ओला, त्यात झेब्राचे पांढरे पट्टे. तिथे पुढचं चाक निसटलं. पाय टेकवून ती सावरली, फक्त गुडघा खरचटला. संध्याकाळी मी सायकल उलटी करून टायरला कुठे चीर-बीर गेली आहे का ते पाहत होतो, तेव्हा सहज विचारलं, “हवा किती असते गं यात?”

“मला काय विचारता? तुम्हीच भरता की दर रविवारी.”

शंभर. का, तर माझ्यात शंभर असते म्हणून. आणि टायरवर ‘कमाल १००’ लिहिलंय म्हणून. कारखान्यात बॉयलरवर कमाल दाब लिहिलेला असतो. तिथपर्यंत काटा नेऊन ठेवायचा असा अर्थ आमच्यापैकी कोणी काढला असता तर त्याला गेटाबाहेर काढलं असतं. सायकलच्या टायरवर मात्र तोच अर्थ मी बिनदिक्कत काढला होता.

बाथरूमचा काटा आणि एक वीट

मग पद्धतशीर मोजायला घेतलं. चाकाखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला आणि दुसऱ्या चाकाखाली त्याच उंचीची वीट, म्हणजे सायकल आडवी सरळ राहते. भाची भिंतीला खांदा टेकवून सीटवर बसली, हात रोजच्यासारखे हँडलवर. भिंतीवर भार पडू द्यायचा नाही, नुसता तोल सांभाळण्यापुरता स्पर्श. काटा आधी मागच्या चाकाखाली, मग पुढच्या. ती ४६, सायकल साडेबारा, बाटली-कुलूप वगैरे अडीच, असे एकूण ६१ किलो. त्यातले मागच्या चाकावर ३६, पुढच्यावर २५.

मग मी माझ्या सायकलवर बसलो. एकूण ९७, मागे ५७, पुढे ४०.

आमच्या शॉपमध्ये प्रेशर किलोत सांगतात. ‘लाइनला सहा किलो आहे’ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो. १०० पीएसआय म्हणजे साधारण सात किलो, कारखान्यातल्या कॉम्प्रेसरच्या लाइनइतकंच. आता गंमत पाहा. गेज तपासायचं आमचं जे यंत्र असतं, डेड वेट टेस्टर, त्यात ठरावीक क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर ठरावीक वजन ठेवतात. वजनाला क्षेत्रफळानं भागलं की दाब मिळतो. टायर हेच उलटं करतो. वजन ठरलेलं, दाब आपण भरलेला; जमिनीला किती जागा टेकवायची ते टायर आपलं आपण ठरवतो. ५७ किलोला सातानं भागा, माझं मागचं चाक आठ चौरस सेंटिमीटर टेकतं. तिचं मागचं पाच. पुढचं तर साडेतीनच्या जरा वर, म्हणजे साधारण आजच्या एक रुपयाच्या नाण्याएवढं. ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर ही मुलगी एका नाण्यावर वळत होती.

(रबराची पकड फक्त क्षेत्रफळावर ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण टणक टायर खडीच्या खाचखळग्यांत बसत नाही, त्यावरून उडतो. आणि उडालेल्या चाकाला पकड नसतेच.)

हिशेबावर माझा विश्वास असतो, पण ठसा पाहिल्यावर जास्त बसतो. गेरू कालवून टायरच्या एका भागाला लावला, खाली आलेखाचा कागद ठेवला, भाचीला हळूच सीटवर बसवलं आणि उतरवलं. चौकटी मोजल्या. मागचा ठसा पाचाच्या थोडा आतच भरला, कारण टायरचं कापड स्वतःच थोडा भार पेलतं. बहीण खिडकीतून म्हणाली, “संक्रांत होऊन गेली, आता कसली रांगोळी काढताय?”

पंधरा टक्के

टायर किती टेकतो यापेक्षा तो किती बसतो, म्हणजे भार आल्यावर त्याची उंची किती कमी होते, हे मोजायला सोपं आणि जास्त उपयोगी. फ्रँक बर्टो नावाच्या अमेरिकन तंत्र-लेखकानं निरनिराळ्या रुंदीचे टायर निरनिराळ्या वजनांखाली दाबून पाहिले आणि टायरची बसकण उंचीच्या सुमारे १५ टक्के असावी असा अंदाज मांडला. त्याचे आलेख सायकलवाल्यांत आजही फिरतात. चाकावरचा भार आणि टायरची रुंदी घ्यायची आणि दाब वाचायचा. ही काही दगडावरची रेघ नाही, पण सुरुवात करायला आकडा हवा असतो आणि तो इथे मिळतो.

२८ च्या टायरला १५ टक्के म्हणजे चार मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर व्हर्नियरनं आधी रिकाम्या सायकलचं घेतलं, मग माणूस बसवून. शंभरला माझा मागचा टायर जवळजवळ चार मिलिमीटर बसत होता. तिचा मागचा अडीच, पुढचा पावणेदोन. म्हणजे मागच्या टायरला पंधराऐवजी नऊ टक्के, पुढच्याला जेमतेम सहा. आलेखात माझ्या मागच्या चाकाला ९० ते ९५ निघत होते. शंभर हा आकडा तसा वाईट नव्हता, फक्त तो माझा होता. तिच्या भाराला त्याच आलेखात मागे ५५ आणि पुढे चाळिसाच्याही आत आकडे निघाले.

आपल्याकडे ‘हवा कशी दगडासारखी पाहिजे’ हा सल्ला कुठून आला असावा, यावर माझं एक मत आहे. लहानपणी आमच्या गल्लीत दूधवाला यायचा. काळी चोवीस किलोची सायकल, दोन्ही बाजूंना कॅन, वर स्वतः. त्याच्या मागच्या चाकावर सहज शंभर-सव्वाशे किलो असतील. त्याला हवा घट्टच हवी होती, नाहीतर दर कोपऱ्यावर पंक्चर. सायकल म्हणजे भार वाहणं, असा तो काळ. सल्ला त्या चाकाचा होता, तो तसाच पुढे चालत आला. अंगठ्यानं टायर दाबून ‘भरलीय’ म्हणायची सवयही तिथलीच. पन्नासच्या वर गेलं की अंगठ्याला साठ आणि नव्वद यांतला फरक कळत नाही; विश्वास नसेल तर डोळे मिटून करून पाहा.

दोन भोकं

एवढं सगळं मोजल्यावर माणसानं सावकाश जावं की नाही? मी त्याच रात्री पंपाच्या गेजवर पाहून मागे ५५, पुढे ४२ करून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला फोन. “मामा, महिरावणीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. आणि सायकलची पुढची बाजू अशी वागतेय जणू पाण्यात चालवतेय.”

स्कूटर घेऊन गेलो. ट्यूब काढली तर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा, एकमेकींपासून सेंटिमीटरभर. याला सायकलवाले ‘स्नेक बाइट’ म्हणतात, कारण खरंच साप चावल्यासारखे दोन दात दिसतात. खिळा वा काटा एकच भोक पाडतो. दोन भोकं पडली म्हणजे खड्ड्याच्या काठावर टायर पार चेपला, ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये सापडली आणि चिमटली. टायरमध्ये काटा शोधत बसू नका, सापडणार नाही. दोन पॅच लावले, सोल्युशन वाळेपर्यंत भाचीची नजर माझ्यावर होती. पहिलं लेक्चर बुडालं होतं.

चूक कुठे झाली? दोन ठिकाणी, आणि दोन्ही मला कळायला हव्या होत्या.

पहिली, तिची बॅग. वजन घेताना ती रिकाम्या कॅरियरनं बसली होती. रोज मात्र कॅरियरवर लॅपटॉप, डबा, तपासायचे पेपर असे सहा किलो असतात. कॅरियरवरचं वजन जवळपास सगळं मागच्या चाकावर येतं. ३६ चे झाले ४२. बर्टोच्या आलेखात हे सहा किलो मागच्या टायरला दहा-अकरा पीएसआय जास्त मागतात. माझ्या कॅरियरवर तीच बॅग ठेवली तर माझ्या मागच्या चाकावरचा भार दहा टक्क्यांनी वाढतो. तिचा सतरा टक्क्यांनी. हलक्या माणसाला बॅग जास्त जड पडते, आणि ते पाठीपेक्षा आधी टायरला कळतं.

दुसरी चूक गेजची, आणि ती सांगताना मला अजून कसंतरी होतं. पंपाचं गेज ० ते १६० पीएसआयचं. आत वाकवलेली पितळी नळी असते, दाब आला की ती थोडी सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. बूर्दाँची ही युक्ती १८४९ पासून चालत आली आहे आणि उत्तम आहे. पण अशा गेजची चूक पूर्ण पट्टीच्या टक्क्यांत धरतात. १६० च्या पट्टीला अडीच टक्के म्हणजे चार पीएसआय, आणि हे चांगल्या गेजचं झालं. शिकाऊ पोरांना मी स्वतः सांगायचो की गेज असं निवडा की रोजचं वाचन पट्टीच्या मधल्या एक-तृतीयांश भागात पडेल. माझ्यासारख्याचे ९५ तिथे पडतात. भाचीचे ४५-५५ पडतात खालच्या टोकाला, जिथे काटा सगळ्यात बेभरवशाचा. शिवाय हा पंप एकदा जिन्यावरून गडगडला होता.

जुन्या दोस्ताकडे पंप घेऊन गेलो. त्यानं आधी पोटभर हसून घेतलं, मग टी (तीन तोंडांचा जोड) लावून शेजारी तपासणीचं गेज जोडलं. पंप १०० ला तीननं जास्त दाखवत होता, ७० ला पाचनं, ५० ला सातनं. म्हणजे माझे मागचे ५५ खरे तर ४८ होते, आणि पुढचे ४२ म्हणजे पस्तिसाच्याही आत. त्यावर सहा किलोची बॅग आणि महिरावणीचा खड्डा. पंक्चर झालं नसतं तरच नवल.

तेव्हापासून घरात ० ते १०० चं वेगळं हातगेज आहे. ते लावताना थोडी हवा सुटते, पण नेमानं वापरलं की हाताला अंदाज येतो. आणि पंपाचं तोंड काढताना जो ‘फुस्स’ आवाज येतो तो बहुतेक पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, टायरमधल्या नव्हे. प्रेस्टा व्हॉल्व्ह, म्हणजे अशा सायकलींच्या ट्यूबला असतो तो बारीक व्हॉल्व्ह, पंप काढल्याक्षणी आपला आपण मिटतो. त्या आवाजाला घाबरून पाच पीएसआय ‘वर’ भरून ठेवणारे मी पाहिलेत. मीही त्यातलाच होतो.

उतारावर

आता खऱ्या गेजनं, पायरी-पायरीनं खाली. १००, ८५, ७०. प्रत्येक आकड्यावर तिनं आठवडाभर चालवायची. कोणता आकडा आहे ते मी तिला सांगायचं नाही, तिनं रोज संध्याकाळी बोटांचं सांगायचं. ८५ ला ती म्हणाली, “रंबलर थोडे माणसात आले.” ७० ला मुंग्या शेवटच्या दोन किलोमीटरपर्यंत मागे हटल्या. पण तिला वेगळीच धास्ती होती. “हवा कमी केली तर जोर जास्त लागेल ना?”

प्रश्न रास्त आहे. गुळगुळीत पोलादी ढोलावर टायर फिरवून पाहिला तर जितकी हवा घट्ट तितकं तो हलका फिरतो, हे खरंच आहे. पण त्र्यंबक रस्ता पोलादी ढोल नाही. खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि माणूस दोघांना वर उचलतो, आणि ते उचलणं आपल्याच पायांच्या ताकदीतून होतं. एका मर्यादेनंतर हवा वाढवली की वेग घटतो. ती मर्यादा रस्ता जितका वाईट तितकी खाली, आणि माणूस जितका हलका तितकी खाली. फ्रान्समधल्या पॅरिस–रूबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर धावणारे व्यावसायिक शर्यतपटू रुंद टायर आणि कमी हवा घेऊनच उतरतात. आरामासाठी नक्कीच नाही.

तरी तिला पटावं म्हणून गंगापूर धरणाकडच्या रस्त्यावर एक हलका उतार निवडला. एका विजेच्या खांबापाशी पाय सोडायचे, पॅडल मारायचं नाही, सायकल थांबेल तिथे खडूची खूण. प्रत्येक दाबाला तीन वेळा, पहाटे, वारा नसताना. खडबडीत रस्त्यावर ७० ला सायकल शंभरपेक्षा सहा-सात मीटर पुढे गेली. मात्र एकाच दाबाच्या तीन खुणांतही तीन-चार मीटरचं अंतर पडत होतं, तेव्हा या आकड्याला मी फार डोक्यावर घेत नाही. आमच्या कॉलनीतल्या काँक्रीटच्या रस्त्यावर उलट झालं, शंभर थोडं पुढे. एवढं मात्र ठाम म्हणता येईल की ७० मुळे तिचे पाय जास्त दमणार नव्हते.

किमान ७०

आणि इथे गाडं अडलं. टायरवर किमान ७० लिहिलंय. आलेख बॅगेशिवाय मागे ५५ म्हणतो, पुढे त्याहून बराच खाली. मग खाली जायचं का?

बरेच जण जातात आणि त्यांचं काही बिघडत नाही, असं ऐकतो. मीही एकदा गेलो होतो, पण आता माझ्या हाताखाली वाढलेल्या माणसाला मी ते सांगणार नाही. किमान आकडा उगाच छापलेला नसतो. त्याखाली टायरच्या भिंती जास्त मुडपतात, कालांतरानं त्यांना भेगा जातात. ब्रेक लावताना टायर रिमवर सरकू शकतो, त्याच्यासोबत ट्यूब सरकते आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. आणि कमाल आकडा तर ओलांडायचाच नाही. हूक (टायरची कडा धरून ठेवणारा रिमच्या काठाचा आतला वळसा) नसलेल्या नव्या धाटणीच्या रिमवर तर टायर काहीही म्हणो, ५ बारच्या, म्हणजे ७२ पीएसआयच्या वर जायची सोय नाही. तिची रिम साधी, हूकवाली आहे.

पण हेही खरं की टायर बनवणाऱ्यानं ती पट्टी छापताना ४६ किलोची बाई डोळ्यांपुढे ठेवली नव्हती. पट्टी मधल्या वजनाच्या माणसाची. हलक्या माणसाला तिचं खालचं टोक हेच वरचं टोक. भाचीच्या बाबतीत बॅगेसकट मागच्या चाकाला ७० जवळजवळ बरोबर बसत होते, कारण हिशेबानं ६५-६७ येतात. अडचण पुढच्या चाकाची होती. २५ किलोखाली ७० भरले की तो टायर अडीच मिलिमीटरही बसत नाही. आणि मुंग्या येतात त्या हातांना पुढच्याच चाकाकडून.

उपाय हवेत नव्हता, टायरच्या रुंदीत होता. ३२-६२२ चे टायर घेतले, त्यावर किमान ४५, कमाल ८५. रुंद टायरला तेवढीच बसकण यायला कमी दाब पुरतो, आणि चेपून रिमला टेकायला जास्त उंची मिळते. दोन्ही बाजूंनी फायदा. जुन्या सवयीच्या लोकांना रुंद टायर जड आणि मंद वाटतो. वजन वाढतं हे खरं, पण दोन्ही मिळून शे-दीडशे ग्रॅम. तिच्या डब्यातल्या भाजीनं होतो तेवढा फरक.

घेण्याआधी जागा मोजली. फोर्कच्या दोन बाजूंत आणि वर निदान चार मिलिमीटर मोकळे राहायला हवेत, नाहीतर चिखल अडकतो. फोर्क आणि मागची चौकट ठीक होती, व्ही-ब्रेकही आड आले नाहीत. मडगार्ड मात्र घासलं. जूनमध्ये नाशकात मडगार्डशिवाय फिरणं म्हणजे पाठीवर चिखलाची उभी रेघ, म्हणून ते काढायचं नव्हतं. पट्ट्यांच्या मुळाशी दोन-दोन वॉशर घालून उचलून घेतलं.

नव्या टायरवर पुन्हा तीच वीट, तोच काटा. कॉलेजच्या दिवशी बॅगेसकट मागे ५४, रविवारी मोकळ्या कॅरियरनं ४८, पुढे दोन्ही वेळा ४५. हिशेबानं पुढे याहूनही खाली जाता आलं असतं, पण किमान ते किमान. आणि तिला ते मानवलं. मुंग्या दोन आठवड्यांत गेल्या. सगळं श्रेय हवेला देणार नाही. सीट आणि हँडल आधी नीट केलं नसतं तर नुसत्या टायरनं हे झालं नसतं असं मला वाटतं. पण उलटही खरं, कारण सीट-हँडल जानेवारीतच झालं होतं.

एक गोष्ट राहिली. हवा भरून ठेवली की ती तशीच राहते असं नाही. साध्या ब्यूटिल रबराच्या ट्यूबमधून ती झिरपत राहते. जुन्या २८ वर आठवड्याला ७० चे ६१-६२ व्हायचे. आणि तापमानाचा खेळ वेगळा. जानेवारीत नाशकात पहाटे दहा अंश असताना ७० भरले तर दुपारच्या तीस अंशांत तेच ७६ होतात, एक फुंकरही न मारता. म्हणून मोजायचं ते निघण्याआधी, सावलीत. भाची आता बुधवारी आणि रविवारी स्वतः मोजते. पंपाला हात लावायची मला परवानगी नाही.

सिन्नरच्या पुढे

जूनमध्ये ती नाशिक–पंढरपूर सायकल वारीला गेली. तीन दिवस, तीनशेहून जास्त किलोमीटर, सामान टेम्पोत. म्हणजे रविवारचे आकडे: ४८ आणि ४५.

पहिल्या दिवशी सिन्नरच्या पुढे चहाला थांबले असताना एका वडीलधाऱ्या काकांनी तिच्या टायरला अंगठा लावला. “पोरी, हवा पार उतरलीय. अशानं नगर यायच्या आत बसशील.” ती आत भजी घ्यायला गेली तेवढ्यात त्यांनी मोठ्या मायेनं स्वतःच्या पंपानं दोन्ही चाकं भरून दिली. तिनं आभार मानले, ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणून निघाली. दोन किलोमीटरवर पहिला खडबडीत पट्टा आला आणि तळहातांनी तिला सांगितलं.

काका दिसेनासे होईपर्यंत ती थांबली, एका बाभळीखाली सायकल टेकवली आणि गेज लावलं. मागे ८२, पुढे ८०. सोडत सोडत ४८ आणि ४५ वर आणले. वाटेत तिघांनी थांबून विचारलं की पंक्चर झालंय का.

घरी आल्यावर तिनं पांढऱ्या चिकटपट्टीवर ते दोन आकडे लिहिले आणि दोन्ही रिमवर, व्हॉल्व्हच्या शेजारी डकवले. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: ‘काकांनी आणि मामांनी हात लावू नये.’